सहा किलो कापसाचा मांडव

आमच्या वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरी खर्च रुपयांत बोलला गेला, तरी मनात तो क्विंटलातच पडतो. मुलाच्या कॉलेजची फी म्हणजे दोन क्विंटल, म्हातारीच्या डोळ्याचे ऑपरेशन म्हणजे तीन, असा तो हिशेब असतो. शहरात नोकरी करणाऱ्या आम्हां भावंडांना हे गणित हळूहळू विसरायला होते. पगार पहिल्या तारखेला येतो, आणि त्याला बोंड फुटावे लागत नाही. परंतु २०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचे लग्न ठरले, आणि नवरीचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, बार्शीटाकळीकडे कोरडवाहू रान कसणारा असल्यामुळे, हे गणित आमच्याही पाटीवर आले.

सजावटीचा माणूस अकोल्याहून आला होता. गृहस्थ मोठा गोडबोल्या. त्याने मोबाइलवर एकामागून एक चित्रे दाखविली: फुलांची कमान, फुलांचा झोपाळा, नवरीच्या वाटेवर फुलांचा सडा. सगळ्यांत साधा प्रकार कोणता, असे विचारल्यावर त्याने सांगितले, पस्तीस हजार. वैशाखात फूल मिळत नाही, नाशिक-पुण्याकडून आणावे लागते, बर्फाच्या पेटीतून आणावे लागते. तो खोटे बोलत नव्हता. दादाने मान डोलावली, आणि तो गेल्यावर एवढेच म्हणाला, “पाच क्विंटल कापूस झाला न वं हा.”

त्या हंगामात, म्हणजे २०२४-२५ साली, लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. त्या भावाने पस्तीस हजारांचे साडेचार क्विंटलांहून थोडे अधिक होतात. आणि हमीभाव प्रत्येकाच्या पदरात पडतोच असे नाही, म्हणून दादाचे पाच क्विंटल काही चुकीचे नव्हते. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल निघाला, तर आमच्याकडे बरे पीक म्हणतात. म्हणजे एका एकराची नांगरटी, पेरणी, निंदण, फवारणी, वेचणी आणि सीतादही करून घरात आणलेला अख्खा कापूस, एका दुपारच्या फुलांना! आणि तीही वैशाखातली दुपार, जेव्हा अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळत असतो आणि सकाळी बांधलेला गुलाब मंगलाष्टकांपर्यंत काळा पडतो.

तेव्हा फुले घरी करावयाची, कापडाची करावयाची, असा बेत निघाला. कोणी काढला हे आता कोणीच कबूल करीत नाही.

पहिली हरकत घेतली ती आमच्या मोठ्या आईने. वय पंच्याऐंशी, कानांनी कमी ऐकते, पण नको ते बरोबर ऐकते. “काहून वं बाई, मंगलकार्यात खोटे फुलं चालते काय?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे फुलाला जीव आहे, वास आहे, म्हणून ते देवाला चालते. कागदाकापडाचे फूल म्हणजे दिखाऊपणा, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची. मी तिच्यापाशी बसले आणि विचारले, “मोठी आई, गौरीला आपण कापसाचे वस्त्र वाहतो, ते कोण करते?” “मीच करतो,” ती म्हणाली. (आमच्याकडे बायकाही “मी करतो” म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) त्या गेजवस्त्राकडे आपण कधी नीट पाहिलेले नसते. कापसाची वात वळायची, मध्ये मध्ये चिमटी घेऊन मणी काढायचे, कुंकवाची बोटे लावायची: हा कापसाचा हारच की! देवाच्या गळ्यात तो फुलांच्या हाराशेजारी पडतो, आणि देवाने आजवर तक्रार केलेली नाही. नवरदेवाचे बाशिंग तरी कशाचे असते? भेंडाचे, कागदाचे, जरीचे. त्यात खरे फूल औषधालाही नसते, आणि ते कपाळावर बांधल्याशिवाय जुनी माणसे पाऊल पुढे टाकू देत नाहीत. वर्ध्याला तर, सेवाग्रामच्या वळणाच्या लग्नांत, वधूवरांनी एकमेकांना सुताचे हार घालावयाची रीतच पडली होती. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास आले, आणि त्यांच्या अवतीभोवतीच्या माणसांनी चातीवरचे सूत हारासारखे गळ्यात घातले. मोठ्या आईने हे सर्व ऐकून घेतले आणि निकाल दिला, “मंग ठीक हाय. पण वरमाला खऱ्या फुलाची पाह्यजे.”

या निकालाचा पुढे आम्हांला फार उपयोग झाला, हे सांगायला हवे. कापडी फुलांचा उत्साह एकदा चढला, की माणूस गजरेसुद्धा कापडाचे करावयास निघतो. तसे करू नये. जे अंगावर येते, नाकापाशी येते आणि देवापुढे जाते, ते खरे असावे. जे दुरून पाहावयाचे आणि दिवसभर टिकवावयाचे, ते कापडाचे असावे. वरमाला, मुंडावळ्या, बायकांचे गजरे, पूजेची फुले एवढी आम्ही अकोल्याहून खरी आणली, आणि मुहूर्तापर्यंत ओल्या पोत्याखाली झाकून ठेवली. कमान, तोरणे, खांबांवरच्या माळा, व्यासपीठामागचा पडदा आणि रुखवताची मांडणी कापडाची.

रुखवताचे नाव निघाले म्हणून सांगते, लग्नासाठी हाताने वस्तू करण्याची आपली जुनी शाळा ती हीच. आता तयार रुखवत बाजारात विकत मिळते. परंतु माझ्या लहानपणी, १९९० च्या आसपास, कोणाचे लग्न ठरले की दिवाणखान्यात पाटावर तार, मणी, लोकर, रंगीत पाण्यात बुडविलेला साबुदाणा यांचा पसारा पडे. तेव्हा पायमोज्यांच्या पातळ नायलॉनची फुले करण्याचे एक वेड आले होते. तारेच्या कड्यावर मोजा ताणायचा, दोरा गुंडाळायचा, की पाकळी तयार. ती फुले तेलकट चकाकत, आणि फुलदाणीत बसून वर्षानुवर्षे धूळ खात. आमच्या मावशीकडे तसल्या जांभळ्या फुलांचा एक गुच्छ तिची तिन्ही मुले नोकरीला लागेपर्यंत होता.

नायलॉन नको, हे त्या आठवणीने पक्के झाले. साटीन आणि ऑर्गंझा यांची फुले लवकर होतात हे खरे. पाकळी कापून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नुसती फिरविली की कड आपोआप वळते आणि सुटत नाही. पण ती वळते, कारण ती वितळते. बाजारातला असला माल बहुतेक पॉलिएस्टर असतो. ओळखायचा असेल तर एक धागा चिमट्यात धरून जाळावा. वितळून टोकाला काळा टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. कागदासारखा जळून राख झाली आणि तसाच वास आला, तर सूत. प्लास्टिकच्या फुलांमुळे आपल्या फुलशेतीवाल्यांचा बाजार बसतो, म्हणून त्यांच्यावर बंदी घाला अशी मागणी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत झाली. पॉलिएस्टरचे फूल त्या प्लास्टिकच्या फुलाचे सख्खे चुलत भावंडच. कापसाच्या मुलखात कापूसवाल्याच्या मुलीचे लग्न, आणि मांडवात पॉलिएस्टर! अकोल्याची सावतराम मिल कधीच बंद पडली, अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. आपल्या कापसाचे कापड आपल्या गावात विणले जात नाही, याला आमचा इलाज नव्हता. निदान सुती कापड वापरणे तरी हातात होते.

आता कृतीकडे वळते. तुमच्यापैकी ज्यांना केवळ गोष्ट वाचावयाची आहे, त्यांनी पुढची तीनचार परिच्छेदे ओलांडावीत. पण ज्यांच्या घरी मुलगी लग्नाची आहे, त्यांनी ओलांडू नयेत.

कापड घ्यावे सुती व्हाइल, छत्तीस इंची, म्हणजे सुमारे नव्वद सेंटिमीटर पन्ह्याचे. मलमल स्वस्त पडते, पण ती फारच लुळी. पिवळे आणि केशरी रंगविलेलेच विकत घ्यावे. पांढरे आणून हळदीत बुडविण्याचा मोह पडतो, पण हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबणाचा हात लागला की लाल होतो. कापड आधी एकदा धुऊन त्याची कांजी काढावी आणि मग आपली खळ द्यावी. खळ मैद्याची नको, तिचे पुंजके धरतात. एक लिटर पाण्याला साबुदाण्याचे पीठ दोन मोठे चमचे, गार पाण्यात कालवून मग मंद आंचेवर ढवळीत पारदर्शक होईपर्यंत शिजवावे, गाळावे, आणि कापड त्यात बुडवून हलके पिळावे. अर्धवट वाळले की इस्त्री करावी. कापड पापडासारखे ताठ झाले पाहिजे, तरच पाकळी उभी राहते.

मांडवाचे मुख्य फूल झेंडू, म्हणून त्याचेच सविस्तर सांगते. कापडाला पाच-पाच सेंटिमीटरवर कात्रीने एक लहानशी चीर द्यावी आणि हाताने फाडावे. व्हाइल विणीच्या रेघेत सरळ फाटते. पट्टी लागत नाही, खडू लागत नाही, आणि फाटलेल्या कडेला जे दोरे सुटतात तेच झेंडूच्या पाकळीचे टोक होते. एरवी शिवणकामात ज्या दोष मानल्या जातात त्या दोन्ही गोष्टी, फाडणे आणि दशा सुटणे, येथे गुण ठरतात. एक मीटर कापडातून अशा वीस पट्ट्या निघतात. प्रत्येकीचे मध्ये दोन तुकडे केले की चाळीस. एका तुकड्याचा एक झेंडू. म्हणजे मीटरला चाळीस फुले, हा हिशेब लक्षात ठेवावा.

तुकडा लांबीत दुमडायचा, पण बरोबर मध्यावर नव्हे. एक बाजू दोन सेंटिमीटर, दुसरी तीन, अशी कमीजास्त. मग तो आडवा आठपदरी करून दोन्ही उघड्या कडांना कात्रीने अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर बारीक काप द्यायचे, सुमारे एक सेंटिमीटर खोल. उलगडून दुमडीच्या कडेने धावदोरा घालायचा आणि दोरा ओढायचा. पट्टी चुणत चुणत आखडते. आखडलेली पट्टी आखूड बाजू आत ठेवून गुंडाळायची आणि बुडाशी चार टाके घट्ट मारायचे. वरून बोटांनी विस्कटले, की आतली पाकळी बसकी, बाहेरची उंच, असा भरगच्च झेंडू हातात येतो. पहिले फूल करावयास वीस मिनिटे लागतात. पन्नासाव्याला पाच.

मोगऱ्याला याहून सोपे. मसाल्याच्या बरणीचे पाच सेंटिमीटरचे झाकण घेऊन पांढऱ्या व्हाइलवर गोल आखावेत, कापावेत. गोल दोनदा दुमडला की पंख्यासारखा चतकोर होतो, त्याच्या गोल कडेला धावदोरा घालून आवळला की कळी. पाने मात्र हिरव्या कापडाची उरेब कापावीत, म्हणजे विणीच्या तिरप्या अंगाने. सरळ कापलेले पान लवकर विरते आणि वळत नाही. पानाला बाक आणावयाचा तर चमच्याची पाठ तापवून, जाड दुमडलेल्या टॉवेलवर पान ठेवून, दाबावी. फुले बनविणारे कारागीर यासाठी गोळ्याच्या टोकाची खास हत्यारे तापवून वापरतात. आमचे काम आमटीच्या डावाने भागले. गुलाबाच्या वाटेला आम्ही गेलोच नाही. कापडाचा गुलाब चांगला साधला तर फार सुंदर दिसतो, पण साधला नाही तर कोबी दिसतो, आणि शेकड्याने करावयाच्या कामात ही जोखीम परवडत नाही.

एकूण आठशे झेंडू केले, हजारभर मोगऱ्याच्या कळ्या, आणि पाने मोजली नाहीत. झेंडूला पाच मिनिटे धरली तरी ६७ तास होतात. कळ्यांना दीड-दीड मिनिट धरून २५. पाने, तार गुंडाळणे, माळा ओवणे यांचे आणखी बारा-तेरा. बेरीज एकशेपाच तास. वाचकांना आठवत असेल, २०२२ च्या जूनमध्ये याच आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर सलग टाकून जागतिक विक्रम केला गेला. त्याला लागले १०५ तास आणि काही मिनिटे. विक्रमाच्या पुस्तकात आमचे नाव गेले नाही एवढेच.

चेष्टा सोडा, पण या एकशेपाच तासांबद्दल मला एक गोष्ट स्पष्ट म्हणावयाची आहे. घरगुती काटकसरीच्या लेखांत बायकांचे हात नेहमी फुकट धरलेले असतात. “घरच्या घरी, अल्प खर्चात” असे मथळ्यात छापतात, आणि अल्प खर्च होतो तो रात्री साडेदहानंतर भांडी आवरून सुई हातात घेणारीच्या डोळ्यांवर. दादाची शंभर रुपयांची बचत जर वहिनीच्या दोन रात्रींच्या जागरणावर होणार असेल, तर ती बचत नव्हे, नुसती खांदेपालट. म्हणून आम्ही कामाला लागण्यापूर्वीच ठरविले, की कापड फाडणे, खळ, इस्त्री, तार कापणे आणि काप देणे ही कामे पुरुषांची; टाक्याचे काम ज्याला येईल त्याचे. माझे यजमान स्टेट बँकेतून निवृत्त झालेले. नोटा मोजण्याची सवय असलेली बोटे. त्यांनी आठपदरी काप इतके सारखे दिले, की शिंप्याने लाजावे. नवरदेवीच्या भावाला सुई धरता येत नव्हती, ती आठ दिवसांत आली. आणि तरीही, प्रामाणिकपणे सांगायचे तर, साठ टक्के टाके बायकांनीच घातले.

घरे दोन होती, एक अमरावतीला आमचे, एक तिकडे गावी दादाचे. परीक्षांचे दिवस असल्यामुळे मला कॉलेज सोडता येत नव्हते. तेव्हा तयार फुलांच्या पिशव्या एस. टी. ने जात, आणि परतीच्या गाडीने खळ दिलेले कापड येई. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, अशी ही झेंडूची ये-जा महिनाभर चालली. एका वाहकाने विचारले, “बाई, वैशाखात एवढा झेंडू कुठून आणता?” तो पिशवीला हात लावीपर्यंत त्याला फुले खरीच वाटत होती. त्या दिवशी आम्ही सर्वांनी चहाबरोबर भजी केली.

भाचीचे मन मात्र शेवटपर्यंत शंकेखोर होते, आणि तिला दोष देता येत नाही. ती पुण्यात नोकरी करते, वरपक्षही पुण्याचा. मैत्रिणींच्या लग्नांचे फोटो तिने पाहिलेले. “आत्या, लोक म्हणतील, पैसे नव्हते म्हणून चिंध्यांचा मांडव घातला.” हे तिने एका रात्री फोनवर म्हटले, आणि मग बराच वेळ बोलली नाही. खरी अडचण तीच होती. फूल कसे करावे हे शिकविता येते. आपल्या बापाची ऐपत चारचौघांत दिसेल ही लाज कशी घालवावी, हे कोणत्या कृतीत लिहायचे? मी तिला उपदेश केला नाही. उपदेश करावयाचाच तर आमच्या जिल्ह्यात त्याला माणूस होऊन गेला आहे. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्यांचेच पांघरूण घेऊन गावोगाव हिंडले, आणि कर्ज काढून लग्न करू नका म्हणून १९५६ साली देह ठेवीपर्यंत कीर्तनांतून सांगत राहिले. ज्यांनी ऐकले त्यांनी टाळ्या वाजविल्या, आणि घरी जाऊन सावकाराचा कागद केला. मी फक्त तिला दादाचा हिशेब पाठविला, आणि सोबत एक झेंडू. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, की केशरीला थोडी लाल कड असेल तर फोटोत उठाव येईल. मग ती सुटीवर आली ती लाल रंग आणि रंगाची कुंची घेऊनच, आणि दोनशे फुलांना तिने स्वतः कड दिली.

मराठी शिकविणाऱ्या माणसाला येथे एक आडवळण घेतल्याशिवाय राहवत नाही. घरच्या माणसांनी हाताने लग्न सजविण्याची गोष्ट आमच्या मुलखात आजची नाही. आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभूंनी लग्नाचा खेळ मांडावा असे मनात घेतले, तेव्हा सोहळ्याला गाणी हवीत म्हणून महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. ती मराठीतली आद्य कवयित्री, आणि तिची ही रचना लग्नघरातल्या कामाच्या ओघात झालेली आहे. रुक्मिणीचे माहेरही आमचेच, वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर. तेव्हा वऱ्हाडातल्या मुलीच्या लग्नात विकत न घेता काही करावयाचे, तर त्याला उत्तम वशिला आहे. असो.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गाडीभर आंब्याचे डहाळे आले. हिरवे ते सगळे झाडाचे, रंगीत ते सगळे कापडाचे. ही जोडी फार शोभते, कारण खऱ्या पानांत मिसळलेल्या खोट्या फुलाकडे कोणी संशयाने पाहत नाही. माळा सुतळीने दर हातभर अंतरावर पक्क्या बांधल्या, कारण दुपारी आमच्याकडे वावटळ केव्हा उठेल याचा नेम नाही. एक सूचना फार महत्त्वाची: होमाच्या, समईच्या आणि आचाऱ्याच्या बाजूला दोन हात अंतर ठेवूनच कापड लावावे. खळ दिलेले सूत क्षणात पेट घेते. आम्ही बोहल्यावरच्या माळा वर उंच घेतल्या आणि होमाजवळ फक्त डहाळे ठेवले.

मुहूर्त साडेअकराचा. त्या वेळेला मांडवाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. वरमाला पोत्याखालून निघाल्या तेव्हा ताज्या होत्या. दोनच्या पंगतीला त्यांच्या पाकळ्या खुर्च्यांखाली पडलेल्या होत्या, आणि खांबांवरचे झेंडू सकाळइतकेच तोऱ्यात उभे होते. विहीणबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईंनी, जाता जाता कमानीचे एक फूल बोटांत धरून पाहिले, उलटे करून बुडाचे टाके पाहिले, आणि विचारले, “हे कोणी केले?” भाची म्हणाली, “बाबांनी.” हे अर्धेच खरे होते, दादाने फक्त इस्त्री केली होती. पण त्याचे तोंड पाहण्यासारखे झाले.

आता जमाखर्च, कारण त्यावाचून हा लेख अपुरा राहील. सव्वीस मीटर व्हाइल, ऐंशी रुपये भावाने, २,०८० रुपये. सुई-दोरा, तार, साबुदाणा, सुतळी, रंग मिळून ६२०. खरी फुले, दोन वरमाला धरून, ४,८००. एकूण साडेसात हजार. आमचे एकशेपाच तास तासाला चाळीस रुपये दराने धरले, आणि ते धरावेतच, तर आणखी ४,२००. म्हणजे ११,७००. पस्तीस हजारांचा हा तिसरा हिस्सा.

दादाने मात्र आपला हिशेब वेगळाच केला. शंभर किलो कापसाची सरकी काढली, की चौतीस किलोच्या आसपास रुई निघते, हे त्याला जिनिंगच्या दारात उभे राहून पाठ झालेले. सव्वीस मीटर व्हाइल त्याने किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. भरले पावणेदोन किलोच्या आत. कताई-विणाईतली घट धरून त्याने आकडा काढला, पाच, फार तर सहा किलो कापूस. पाच क्विंटल मागणारा मांडव सहा किलोत उभा राहिला! एका वेचणारणीच्या ओटीत एका सकाळी याहून अधिक कापूस भरतो. मग कापसाच्या आणि कापडाच्या मध्ये बाकीचे पैसे कोठे जातात, हा प्रश्न त्याने जेवताना विचारला. त्याचे उत्तर मराठीच्या प्राध्यापिकेपाशी नव्हते, आणि ज्यांच्यापाशी असेल ते आमच्या पंगतीला नव्हते.

फुले नंतर काय करायची, हे आधीच ठरवावे. न ठरविले तर ती माळ्यावर जातात आणि तेथे त्यांना कसर लागते. खळीचे कापड या किड्याला फार आवडते. आम्ही फुले उन्हात तासभर वाळविली, झटकली, आणि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासकट दोन पत्र्याच्या पेट्यांत भरली. चुरगळलेले फूल चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून बोटांनी विस्कटले की पुन्हा उभे राहते. हळदीचा डाग जात नाही; तसली फुले पिवळ्यांत मिसळावीत. एकदाच वापरावयाची असतील तर मी म्हणेन, एवढा खटाटोप करू नका, डहाळ्यांवर भागवा. त्यांचे मोल दुसऱ्या मांडवापासून सुरू होते.

आमच्या पेट्या श्रावणात मूर्तिजापूरला एका बारशाला जाऊन आल्या. तुळशीच्या लग्नानंतर दर्यापूरला वहिनीच्या बहिणीकडे लग्न आहे. त्यांनी आताच सांगून ठेवले आहे. भाडे घेत नाही. अट एकच घातली आहे, की जितकी फुले हरवतील किंवा फाटतील, तितकी नवी करून पेटीत ठेवावीत. पिवळी एकसष्ट कमी आहेत. दीड मीटर कापड, सुई आणि दोऱ्याचे रीळ पेटीत वरच ठेवले आहे.